भाषा न येणारे प्रेषित: संत फ्रान्सिस झेवियर



कामाच्या ठिकाणी साहेब इंग्रजीत बोलू लागले, की आपल्यापैकी अनेकांच्या तोंडाला कोरड पडते. उत्तर ठाऊक असते, पण चूक होईल, लोक हसतील, या भीतीने जीभ जड होते. संत फ्रान्सिस झेवियर यांनाही परक्या भाषेपुढे असेच अवघडून जावे लागले होते. त्यांना सर्व भाषा चमत्काराने येत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांची स्वतःची पत्रे मात्र वेगळी हकिकत सांगतात.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नवारा प्रदेशात, झेवियरच्या गढीत झाला. घरची भाषा बास्क. पॅरिस विद्यापीठात शिकून ते तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागले. वर्गात लॅटिनमध्ये वादविवाद करणारे हे हुशार प्राध्यापक संत इग्नाशियस यांच्या सहवासात येऊन देवाचे झाले. १५३७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले.

त्याच वर्षी ते दक्षिणेकडे तामिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या व मासेमारी करणाऱ्या परवर लोकांत गेले. तेथे लॅटिनचा काही उपयोग नव्हता. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसे त्यांनी गोळा केली आणि बरेच दिवस खपून क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना व नमो मरिया तामिळमध्ये उतरवून घेतली. मग शाळकरी मुलासारखे ते सर्व पाठ केले. हातात घंटा घेऊन ते गल्लीबोळांतून फिरत, मुलांना जमवत आणि पाठ केलेले शिकवत.

त्यातही चूक निघाली. मी विश्वास धरतो, असे म्हणायचे तेथे वेणुम हा शब्द पडला होता. त्याचा अर्थ मला हवे आहे, असा होतो. १५४४ साली त्यांनी आपले सहकारी मान्सिल्हास यांना पत्र लिहून तो शब्द बदलायला व त्याजागी विश्वासासाठी असलेला तामिळ शब्द घालायला सांगितले. ती चूक त्यांनी झाकून ठेवली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा दुभाषा आजारी पडला. लोकांना आपले बोलणे कळत नाही आणि लोकांचे आपल्याला त्याहून कळत नाही, अशी स्थिती त्यांनी पत्रात मोकळेपणाने कळवली. पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा द्यायला दुभाषा लागत नाही, आणि गरिबाची गरजही दुभाष्यावाचून समजते, हे त्यांनी ओळखले.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमध्ये कागोशिमा येथे पोहोचले. लोक त्यांच्याविषयी आपसात बोलत आणि ते पुतळ्यासारखे गप्प उभे राहत. सोबतच्या अंजिरो नावाच्या जपानी ख्रिस्ती बांधवाने देवासाठी दाइनिची हा शब्द सुचवला होता. तो बौद्ध पंथातील एका बुद्धाचे नाव आहे, हे पुष्कळ दिवसांनी लक्षात आले. ज्या लोकांना तो शब्द शिकवला होता, त्यांनाच आता तो सोडा म्हणून सांगणे भाग होते. झेवियर यांनी ते सांगितले आणि देउस हा शब्द वापरला. तेव्हा जपानी भाषेत मोठे खोटे या अर्थाच्या शब्दासारखा तो ऐकू येतो, म्हणून विरोधकांनी त्याचीही थट्टा केली.

यामागुची शहरात तर त्यांनी आणखी नम्रपणा दाखवला. ब्रदर हुआन फर्नांडिस यांना जपानी अधिक चांगली येत होती. म्हणून रस्त्यात वाचण्याचे व बोलण्याचे काम ब्रदर करीत आणि वडीलधारे झेवियर बाजूला उभे राहून प्रार्थना करीत. पुढे त्या शहरात सुमारे ५०० जणांनी बाप्तिस्मा घेतला.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारात, सांचियान बेटावर त्यांना मरण आले. जवळ असलेला अंतोनियो हा चिनी तरुण गोव्यात शिकला होता आणि स्वतःची मायबोली बरीचशी विसरला होता. अखेरच्या तापात फादर काही वेळ एका अनोळखी भाषेत बोलत होते, असे त्याने पुढे सांगितले. ती बहुधा आईच्या मांडीवर शिकलेली बास्क असावी, असे अभ्यासक मानतात. १६२२ साली पोपमहोदयांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांचे पवित्र शरीर जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत आहे.

बंधुभगिनींनो, उद्या कामावर बोलताना जीभ अडखळली, तर या प्राध्यापकाची आठवण करू या. अडेल तेथे विचारू या, चुकेल ते सुधारू या. आणि आपल्यातला एखादा मोडकेतोडके बोलत असेल, तर त्याला न हसता त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊ या.