चुलीचा हिशेब मांडणारा अकाउंटंट

शेंद्र्यात माझ्या आत्याच्या घरी माळ्यावर एक सोलर कुकर पडून आहे. आतून काळा डबा, वर काच, झाकणाला आरसा. सध्या त्यात कांदे ठेवलेत. मराठवाड्यात उन्हाची काय कमी? मग वापरत का नाही, असं मी विचारलं, तर आत्याने सगळा दिवसच सांगितला. सकाळी लवकर शेतात जायचं. डाळ-भात उन्हात शिजायला दोन-तीन तास, तेवढा वेळ डबा सूर्याकडे फिरवत ठेवायला घरी कोण? आणि भाकरी तर त्यात होतच नाही. मग चूल आहेच, सिलिंडर परवडला तर गॅस.

सोलर कुकर काही कालची गोष्ट नाही. १८७८ मध्ये मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून अन्न शिजवून दाखवलं होतं. १९५० च्या दशकात दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने सौरचूल तयार केली. ती बाजारात आली, पण चालली नाही. यंत्र बनतं, घरात मात्र पोचत नाही. हे कोडं ज्याच्या आयुष्यातून उलगडतं, तो माणूस ना इंजिनिअर होता ना शास्त्रज्ञ. तो होता अकाउंटंट. नाव जे. सी. कुमारप्पा.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. तेव्हाचं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनला जाऊन ते अकाउंटन्सी शिकले आणि परत येऊन मुंबईत त्यांनी स्वतःची ऑडिट फर्म थाटली. सुटाबुटात वावरणारा, इंग्रजी शिस्तीचा तरुण. आजच्या भाषेत पॅकेज एकदम भारी! १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिरॅक्यूज आणि मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे सार्वजनिक वित्त हा विषय घेतला आणि ब्रिटिश सरकारचा जमाखर्च तपासायला बसले. भारत गरीब का, याचं उत्तर त्यांना करांच्या आकड्यांत सापडलं. इथून पैसा गोळा होतो, पण तो इथल्या माणसांवर खर्च होत नाही. आकड्यांनीच त्यांची झोप उडवली.

९ मे १९२९ रोजी हा प्रबंध घेऊन ते साबरमतीला गांधीजींना भेटले. त्याच सुमारास त्यांनी कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव घेतलं. प्रबंध गांधीजींना आवडला, तो ‘यंग इंडिया’त छापायचं ठरलं. पण सोबत एक कामही आलं. गुजरातमधल्या एखाद्या भागाची आर्थिक पाहणी करायची. कुमारप्पांना तर गुजरातीचा गंध नाही. त्यावर तोडगा निघाला गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा. म्हणजे तुमच्या-आमच्या वयाची पोरं! त्यांना घेऊन कुमारप्पा खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात गावोगाव हिंडले. कोण काय पिकवतं, काय खातं, कर्ज किती, हातात उरतं काय, हे सगळं वहीत उतरवलं. कंपनीचं ऑडिट करणारा माणूस आता गावाचं ऑडिट करत होता.

हिशेबाच्या बाबतीत ते कुणाचीच भीड ठेवत नसत. १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला. मदतकार्याच्या पैशांचा हिशेब कुमारप्पांकडे होता. गांधीजी पाहणीला आले, तेव्हा त्यांच्या सोबतच्यांचा खर्च मदतनिधीतून द्यायला त्यांनी नकार दिला, असं सांगतात. भूकंपग्रस्तांचे पैसे म्हणजे भूकंपग्रस्तांचेच, मग समोर कुणीही असो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याला आले. जमनालाल बजाज यांनी दिलेली ही जागा मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी झाली. तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ, साबण, कुंभारकाम असे प्रयोग सुरू झाले. रॉकेल विकत घ्यावं लागू नये म्हणून गावात निघणाऱ्या तेलावर चालणारा मगनदीप आला. आणि धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईसाठी मगनचूल आली. मातीची, एका जाळावर एकापेक्षा जास्त भांडी बसतील अशी, धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याची.

या चुलीत ग्रेट असं काय? तर तिला लागणारी माती गावातलीच. ती घालायला बाहेरून मेकॅनिक बोलवायला नको, आणि भाकरीसुद्धा तिच्यावर नेहमीसारखीच होते. अर्थात तीही सगळीकडे पोचली नाही. आजही कितीतरी घरांत धूर आहेच. पण कुमारप्पांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी घराचा हिशेब, मग अवजार. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी अवजार बनवतो आणि मग लोक ते वापरत नाहीत म्हणून तक्रार करतो.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार आज वाचताना चमकायला होतं. निसर्गातली संपत्ती दोन प्रकारची. एक साठ्यातली, म्हणजे कोळसा, पेट्रोलियम. काढली की संपते आणि तिच्यासाठी देश एकमेकांशी भांडतात. दुसरी प्रवाहातली, जी वापरली तरी पुन्हा येत राहते. अकाउंटंटच्या भाषेत सांगायचं तर पहिली म्हणजे एफडी मोडून खाणं, दुसरी म्हणजे महिन्याचा पगार. ऊन हा तर रोज सकाळी जमा होणारा पगार! क्लायमेट चेंज हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा हे लिहिलं गेलं.

स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्ष होते. पण देशाने मोठ्या कारखान्यांचा रस्ता धरला आणि कुमारप्पा बाजूला पडत गेले. त्यांचं सगळंच पटेल असं नाही. शेंद्र्यातल्या किती घरांची चूल एमआयडीसीच्या पगारावर पेटते, हे आम्ही रोज बघतो. पण त्या प्रत्येक घरात स्वयंपाक कशावर होतो आणि त्यासाठी कोण किती राबतं, हा त्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. शेवटची वर्षं त्यांनी मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीच्या आश्रमात काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, ते गेले. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय नक्की बघा. १९३८ मध्ये खुद्द गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं होतं.

हे सगळं वाचल्यावर मी पण एक वही घेतली आणि आत्याचा आठवडा लिहून काढला. शेतात किती तास, सरपणाला किती, चुलीपुढे किती. त्यात एक गोष्ट दिसली. काम नसतं त्या दिवशी आत्या दुपारी घरीच असते. भाकरी चुलीवरच होणार, पण डाळ आणि शेंगदाणे भाजणं उन्हावर सोपवता येईल. गेल्या रविवारी आम्ही माळ्यावरून डबा काढला, कांदे बाहेर ओतले आणि काच पुसली. शेंगदाणे मस्त भाजले गेले. आत्याने कूट करून चटणी केली.

तुमच्यापैकी कुणाचा इंजिनिअरिंगचा फायनल इअर प्रोजेक्ट सोलर कुकर असेल, तर डिझाइनला हात घालण्याआधी कुंभेफळ, लाडगाव, करमाड, कुठल्याही एका गावात जा. एका घरात पूर्ण दिवस बसा. वही सोबत ठेवा.