दगडांचा वाचक : स्टीफन हिस्लॉप

पांढुर्णा-सौंसर भागातील मुलांना दगडांचे अप्रूप ते काय वाटणार ! भोवताली सर्वत्र काळा पाषाण. सौंसरकडे संगमरवर आणि मँगॅनीज. परंतु काळा पाषाण हा ज्वालामुखीचा थिजलेला रस, आणि सौंसरचे जुने खडक तर हाडे असलेला प्राणी पृथ्वीवर अवतरण्याच्याही आधीचे. ट्रायासिक युगातील, म्हणजे सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे अवशेष पाहावयाचे, तर उत्तरेस सातपुडा ओलांडून पचमढीपलीकडे जावे, नाहीतर दक्षिणेस वर्धा नदीच्या खोऱ्यात. या दक्षिणेकडील अवशेषांची जगाला ओळख करून देणारे गृहस्थ नागपुरातील एक शिक्षक होते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते मिशनरी म्हणून नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. अध्यापन हे त्यांचे काम, आणि निरीक्षण हा त्यांचा छंद. १८५१ साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरजवळील टाकळी येथे फिरावयास गेले असता त्यांना दगडात रुतलेले जीवावशेष दिसले. तेव्हापासून दोघांनी आसपासचा मुलूख धुंडाळला.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर मांगली नावाचे खेडे आहे. तेथील वालुकाश्मात एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती विलायतेस गेली आणि रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञांनी १८५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती एका प्राचीन उभयचराची होती. आखूड तोंडामुळे त्याचे नाव 'ब्रॅकिऑप्स' ठेवण्यात आले. त्याच कुळातील प्राण्यांचे अवशेष पुढे ऑस्ट्रेलियात व आफ्रिकेतही सापडले. आज समुद्रांनी विभागलेले हे खंड एके काळी एकत्र होते, त्याचीच ही खूण होय. गोदावरीच्या खोऱ्यातील मलेरी येथील प्राचीन माशांचे दातही हिस्लॉप यांनी अभ्यासकांपुढे आणले.

त्यांचा प्रत्येक निष्कर्ष टिकला असे नाही. नागपूरच्या वनस्पती-अवशेषांचे थर त्यांनी जुरासिक युगाचे मानले; ते अधिक प्राचीन असल्याचे पुढे ठरले. पण चूक सुधारता आली, ती त्यांनी नमुने जपून ठेवले म्हणूनच.

गोंड लोकांची भाषा व गीतेही त्यांनी उतरून घेतली. त्यांच्याच प्रदेशावरून या खडकांस पुढे 'गोंडवन' हे नाव मिळाले, हा योग विलक्षणच !

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना रात्री पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर आला होता. त्यांची टिपणे मात्र वाचली. रिचर्ड टेम्पल यांनी ती १८६६ साली प्रसिद्ध केली. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव चालवीत आहे.

शोधांचा हा ओघ अद्याप थांबलेला नाही. सातपुड्याच्या उत्तरेकडील देनवा थरांतून मिळालेल्या दोन शिंगांच्या सरीसृपाला २०१७ साली 'शृंगसॉरस' हे नाव देण्यात आले. विद्यार्थिमित्रहो, हिस्लॉप यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. होते ते जागरूक डोळे. ते तर तुमच्यापाशीही आहेत.