सर्कलच्या नावामागचे बॅरिस्टर नाथ पै

खासबागच्या रविवारच्या बाजाराला जाताना नाथ पै सर्कल लागतं. नाव रोज तोंडात, माणूस मात्र विसरत चाललाय.

जन्म वेंगुर्ल्याचा, 25 सप्टेंबर 1922. शिक्षण काही काळ बेळगावात, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास, मग लंडनला बॅरिस्टरी. 17 जानेवारी 1956 ला बेळगावात गोळीबार झाला, 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढच्या वर्षी लगेच निवडणूक. मत द्यायचं म्हैसूर विधानसभेला, मागणी मात्र त्या राज्यातून बाहेर पडायची! तरी लोक मतदानाला गेले आणि बेळगाव, खानापूर, निपाणीतून समितीचे उमेदवार निवडून आणले.

त्याच वेळी नाथ पै राजापुरातून लोकसभेवर गेले. 1962 आणि 1967 लाही तेच. बेळगावचं एक मत त्यांना मिळणार नव्हतं, तरी सीमाप्रश्न त्यांनी दिल्लीत लावून धरला. माझ्या मते मोठेपण इथंच आहे.

17 जानेवारी 1971 ला हुतात्मा दिनाच्या सभेत ते बेळगावात बोलले. त्याच रात्री हृदयविकारानं गेले. वय 48. लोकसभेची मुदतपूर्व निवडणूक तोंडावर होती. राजापुरातून मग मधु दंडवते निवडून आले.