पटकीशी लढणारे हाफकिन

बालमित्रांनो, आपण घास गिळला की तो अन्ननळीतून जठरात जातो. जठरात आम्ल असतं, त्यात पुष्कळ जंतू मरतात. पुढं लहान आतडं लागतं. मोठ्या माणसाचं लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब असतं. पोटात ते वेटोळं घालून बसतं! तिथं अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. मोठं आतडं उरलेलं पाणी शोषून घेतं.

पण घाण पाण्यातून पटकीचे जंतू पोटात गेले तर? काही जंतू जठरातून वाचतात आणि लहान आतड्यात विष सोडतात. मग आतडं उलटंच काम करतं. अंगातलं पाणी बाहेर टाकतं. जुलाब आणि उलट्या होऊन माणूस काही तासांतच दगावू शकतो.

या रोगावर लस करणारे डॉ. वॉल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा शहरात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी लस तयार केली. ती आधी कोणाला टोचायची? १८ जुलै १८९२ ला त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली! ताप आला, पण ते बरे झाले. १८९३ साली ते भारतात आले. लोक सुईला घाबरायचे, तरी ते गावोगाव हिंडले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. सरकारने हाफकिनना मुंबईला बोलावलं. त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला तीही पहिल्यांदा स्वतःलाच टोचली.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनांवर आला आणि त्यांचं काम गेलं. पण बाटली तिथं उघडताना चूक झाली होती, लस चांगली होती. १९०७ साली ते निर्दोष ठरले. केवढं सोसलं त्यांनी!

१९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे. घाटकोपरहून लोकलने परळला उतरलं की हाफकिन संस्था बघता येते.

मित्रांनो, पाणी उकळून प्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी देत राहा आणि लगेच दवाखान्यात न्या. हे आईबाबांनाही वाचून दाखवा.

दुसऱ्याला टोचण्याआधी स्वतःला टोचून घेणाऱ्या या थोर शास्त्रज्ञाला आमचा नमस्कार!

– इयत्ता चौथी