फादर दिदों आणि आर्केयचें क्रीडांगण

ह्या ज्युबिली-स्मरणिकेंत साधुसंतांचीं चरित्रें येतील, व तीं यावींच. परंतु ज्यांची गणना संतांत झाली नाहीं, पण ज्यांचे तीन शब्द दर चार वर्षांनीं सर्व जगाच्या डोळ्यांपुढें येतात, अशा एका धर्मगुरूंची हकीकत आम्ही वाचकांस सादर करीत आहों. ते डोमिनिकन संघाचे फादर आंरी दिदों. आपल्या काळीं फ्रान्स देशांत त्यांचें नांव ठाऊक नाहीं असा सुशिक्षित मनुष्य क्वचितच सांपडला असता.

त्यांचा जन्म १७ मार्च १८४० रोजीं ग्रेनोब्ल शहराजवळील ल तूव्हे ह्या डोंगराळ खेड्यांत झाला. नवव्या वर्षीं ते रोंदो येथील धाकट्या सेमिनरींत शिकावयास गेले. ह्या विद्यालयाची एक मौजेची चाल होती. १८३२ हें लीप वर्ष. फेब्रुवारीचा जो एक दिवस जास्त मिळतो, तो अभ्यासाचा नसून आमचा आहे, असा विद्यार्थ्यांनीं हट्ट धरला, व त्या दिवसापासून दर चार वर्षांनीं तेथें मुलांचे सामने होऊं लागले. त्या सामन्यांस त्यांनीं ऑलिम्पिक हेंच नांव दिलें होतें! अथेन्स येथें आधुनिक ऑलिम्पिक भरलें तें १८९६ सालीं. म्हणजे एका खेडवळ सेमिनरींतील पोरांनीं जगाला चौसष्ट वर्षें मागें टाकलें. ह्या खेळांत आंरी चमकत असे. मोकळ्या हवेंत धावणाऱ्या मुलाचें मन कसें फुलतें, हें त्याला कोणीं पुस्तकांतून शिकविलें नाहीं.

सोळाव्या वर्षीं, १८५६ मध्यें, ते डोमिनिकन संघांत दाखल झाले. फादर लाकोर्देर ह्यांनीं फ्रान्समध्यें ह्या संघाचें पुनरुज्जीवन केलें होतें. त्यांचाच ठसा तरुण दिदोंच्या मनावर उमटला. पुढें १८७० च्या युद्धांत ते सैन्याचे धर्मगुरू झाले, व नंतर प्रवचनकार म्हणून पॅरिसमध्यें त्यांची कीर्ति पसरली. कीर्तीबरोबर संकटही आलें. त्यांचीं प्रवचनें फार नव्या वळणाचीं आहेत असें वरिष्ठांस वाटलें, व १८८० सालीं त्यांना कॉर्सिका बेटांतील कोर्बारा येथील मठांत पाठविण्यांत आलें. हजारोंचा समुदाय ज्यांचें बोलणें ऐकण्यास लोटे, ते समुद्राकांठच्या एका शांत मठांत सुमारें दीड वर्ष राहिले. संघ सोडा, स्वतंत्र व्हा, असा सल्ला देणाऱ्यांची त्या काळीं वाण नव्हती. फादर दिदोंनीं आज्ञा पाळली. त्यांच्या आयुष्यांतील कोणत्याही भाषणापेक्षां हें मौन आम्हांस मोठें वाटतें. पुढें त्यांनीं जर्मनीचा प्रवास करून तेथील विद्यापीठांवर ग्रंथ लिहिला, पॅलेस्टाइनची यात्रा केली, व १८९० सालीं त्यांचें ख्रिस्तचरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झालें. त्याचा खप अफाट झाला.

त्याच वर्षीं त्यांच्याकडे आर्केय येथील आल्बेर-ल-ग्रां विद्यालय सोंपविण्यांत आलें. आर्केय हें तेव्हां पॅरिसच्या दक्षिणेस बिएव्र नदीच्या खोऱ्यांत वसलेलें लहानसें गांव होतें. विद्यालयाची स्थापना १८६३ ची. परंतु त्याच्या भिंतींवर एक दुःखाची छाया होती. पॅरिस कम्यूनच्या बंडाळींत, २५ मे १८७१ रोजीं, संस्थापक फादर काप्तिए व त्यांचे सहकारी, धर्मगुरू आणि साधे नोकर मिळून तेरा जण, गोळ्या घालून ठार मारले गेले होते. अशा शाळेच्या चालकानें मुलांना भिंतीआड जपून ठेवावें, असें कोणासही वाटलें असतें. नव्या मुख्याध्यापकांनीं उलट केलें.

त्या काळचीं फ्रेंच वसतिगृहें कशीं होतीं, हें थोडें सांगितलें पाहिजे. पहांटेपासून रात्रीपर्यंत पाठांतर, आणि फिरावयास जाणें म्हणजे दोन-दोनांच्या रांगेनें देखरेखीखालीं चालणें. मुलांच्या डोक्यावरील ह्या भाराविषयीं फ्रान्समध्यें ओरड सुरू झाली होती, व १८८८ सालीं शारीरिक व्यायामाच्या प्रसारासाठीं झ्यूल सिमों ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समितीही निघाली होती. तिचे खटपटी चिटणीस बॅरन पिएर द कुबेर्तां. २ जानेवारी १८९१ रोजीं, वयाचीं अठ्ठावीस वर्षें पुरीं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, हे गृहस्थ आर्केयच्या दाराशीं उभे राहिले. ओळखदेख नव्हती. त्यांची मागणी अशी कीं, ह्या विद्यालयांत मुलांची खेळाडू-संस्था निघावी, व तिनें सरकारी शाळांच्या मुलांशीं सामने खेळावे.

ही मागणी दिसते तितकी साधी नव्हती. फ्रान्समध्यें तेव्हां धर्मशाळांचीं मुलें आणि सरकारी विद्यालयांचीं मुलें जणूं दोन निरनिराळ्या देशांत वाढत. आईबाप एकमेकांचीं वर्तमानपत्रें वाचीत नसत; मग मुलें एका मैदानावर कशीं उतरणार? पन्नाशीच्या धर्मगुरूंनीं तरुण बॅरनचें म्हणणें ऐकून घेतलें व होकार दिला. ज्यांच्या घरांतील तेरा माणसें अशाच फुटीच्या आगींत गेलीं, त्यांनीं हा होकार द्यावा, ह्याचें मोल वाचकांनींच करावें.

सुमारें दोन महिन्यांनीं, ७ मार्च १८९१ रोजीं, संस्थेचे पहिले सामने झाले. त्या प्रसंगीं भाषण करतांना फादर दिदोंनीं मुलांस तीन लॅटिन शब्दांचें ब्रीद दिलें : सिटियस, आल्टियस, फोर्टियस, म्हणजे अधिक वेगानें, अधिक उंच, अधिक सामर्थ्यानें. श्रोत्यांत कुबेर्तां होते. त्यांनीं तें ब्रीद मनांत साठवून ठेवलें, व १८९४ च्या जून महिन्यांत सॉर्बोनच्या परिषदेंत ऑलिम्पिक खेळांचें पुनरुज्जीवन ठरलें तेव्हां ह्या नव्या चळवळीला तेंच अर्पण केलें. धर्मगुरूंच्या तोंडीं ‘उंच’ हा शब्द केवळ उडीपुरता नसावा, असें आम्हांस वाटतें. पण धावण्याला त्यांनीं प्रार्थनेचें निमित्त केलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. खेळ हा खेळ म्हणूनच चांगला, अशी त्यांची समजूत होती. मैदानाकडे निघालेल्या पोराला हाक मारून पुन्हा पुस्तकापाशीं बसविणारे आमच्यांतील वडीलधारे ह्यावर काय म्हणतील कोण जाणे!

१८९६ सालीं ते विद्यार्थ्यांसह अथेन्सला गेले. त्या वर्षीं पाश्चात्य व पौर्वात्य अशा दोन्ही ख्रिस्तसभांचा पुनरुत्थानाचा सण एकाच दिवशीं, ५ एप्रिलला, आला होता. त्या दिवशीं त्यांनीं तेथील सेंट डायोनिसियसच्या कॅथोलिक महामंदिरांत उपासना केली, व दुसऱ्या दिवशीं खेळांस आरंभ झाला. पुढील वर्षीं ल हाव्र येथील ऑलिम्पिक परिषदेंत खेळांचा शीलावर होणारा परिणाम ह्या विषयावर ते बोलले.

त्यांचे दोष झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ड्रेफस प्रकरणानें देश पेटलेला असतांना, १८९८ च्या जुलैंत, विद्यालयाच्या बक्षीससमारंभांत त्यांनीं एका सेनापतीसमोर लष्करी बळाची अशी भलावण केली कीं, अनेक सुज्ञ लोक दुखावले गेले. आणि तें रास्तच होतें. एका निरपराध मनुष्याचा न्याय टांगणीला लागला असतां तलवारीची स्तुति शोभत नाहीं. ज्या मनुष्यानें दोन फळ्यांस एका मैदानावर आणलें, त्याचीच वाणी त्या दिवशीं एका फळीची झाली.

१३ मार्च १९०० रोजीं तुलूज येथें त्यांचा अंत झाला. वयाचीं साठ वर्षें पुरीं व्हावयास चार दिवस उरले होते, आणि पॅरिसमधील ऑलिम्पिक खेळ दोन महिन्यांवर आले होते. त्यांचें ब्रीद १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून खेळांच्या ठिकाणीं झळकूं लागलें. आपल्या कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीच्या आखाड्यांत उतरून कांस्यपदक घेऊन आले, तेही ह्याच ब्रीदाखालीं. २०२१ च्या जुलैंत त्या तीन शब्दांना चौथा जोडण्यांत आला. त्याचा अर्थ : एकत्र.