अंधाराला भिणारा मोहन

काठेवाडातील पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म झाला. वडील संस्थानचे दिवाण होते. घरात कशाची वाण नव्हती; परंतु लहानग्या मोहनला रात्र नकोशी वाटे. अंधार पडला की एका बाजूने भूत, दुसऱ्या बाजूने चोर आणि तिसरीकडून साप येत आहे असा त्याला भास होई. खोलीत दिवा तेवत असल्यावाचून त्याचा डोळा लागत नसे.

घरातील जुनी दाई रंभा हिने भयावर रामनामाचा उपाय सांगितला. मोहनची श्रद्धा उपायापेक्षा रंभेवरच अधिक होती. म्हणून त्याने जप आरंभिला. तो फार दिवस टिकला नाही.

तेराव्या वर्षी, त्या काळच्या रूढीनुसार, त्याचा विवाह झाला. कस्तुरबा त्याच्याच वयाच्या. पण त्या काळोखात कोठेही निर्धास्तपणे जात. मोहन मनोमन लाजे. आपण भितो, हे त्यांना सांगण्याचेही धैर्य त्याला होईना.

अशा वेळी एक धाडसी मित्र भेटला. आपण जिवंत साप हाती धरतो, भुते मानीत नाही, आणि हे सारे मांसाहाराचे फळ, असे तो सांगे. मोहनचे घर वैष्णव. तरीही निर्भय होण्याच्या आशेने त्याने नदीकाठी लपून मांस खाल्ले. त्या रात्री जिवंत बोकड पोटात ओरडत असल्यासारखे वाटून तो पुनःपुन्हा दचकून उठला. भीती घालवावयास जावे, तो रात्र अधिकच भयाण झाली! पुढे आईबापांशी खोटे बोलावे लागते, हे सहन न होऊन त्याने तो मार्ग सोडला.

१८९३ साली तरुण बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले. ७ जूनच्या रात्री, पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही, केवळ वर्णामुळे त्यांना पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर गाडीतून ढकलून देण्यात आले. तिकडे तो हिवाळा होता. मोठा कोट सामानात राहिला होता. तो मागावा, तर पुन्हा अपमान होण्याचा धाक. प्रतीक्षागृहात दिवा नव्हता. त्या काळोखात कुडकुडत बसून ते एकच विचार करीत होते : स्वदेशी परतावे, की येथे राहून या वर्णद्वेषाशी झुंजावे?

आत्मकथेत बालपणीची सारी भीती त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहे. या रात्रीच्या हकिकतीत मात्र भूत, चोर वा साप यांचे नावही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ते पुढच्या प्रवासाला निघाले.