डॉ. रखमाबाई

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी लग्न ठरते तेव्हा काय होते ते तुम्ही पाहिले असेल. वडीलधारी माणसे बोलणी करतात. शेवटी मुलाला आणि मुलीला विचारले जाते. दोघांनी होकार दिला की लग्न पक्के होते. हा होकार आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका तरुणीला आपला नकार न्यायालयात सांगावा लागला, आणि त्यासाठी तुरुंगात जाण्याचीही तयारी ठेवावी लागली. त्या तरुणीचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे नाव जयंतीबाई. रखमा अडीच वर्षांची असताना वडील वारले. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुनर्विवाह करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. दुसरे लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवर कायद्याने हक्क राहत नसे. म्हणून ती मालमत्ता छोट्या रखमाच्या नावावर झाली.

डॉ. सखाराम अर्जुन हे नामवंत डॉक्टर होते. वनस्पतिशास्त्राचाही त्यांचा चांगला अभ्यास होता. त्यांच्या घरी पुस्तके होती, विद्वान माणसांचे येणेजाणे होते. या घरात रखमा वाढू लागली.

त्या काळी मुलींची लग्ने फार लवकर होत. रखमाचेही लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी हा डॉक्टरांच्या नात्यातलाच होता. त्याचे वय सुमारे एकोणीस होते. लग्नाच्या वेळी असे ठरले होते, की दादाजीने डॉक्टरांच्या घरी राहावे, शिकावे आणि शहाणे व्हावे. पण दादाजीचे लक्ष अभ्यासात लागले नाही. तो आपल्या मामाकडे राहायला गेला. रखमा मात्र आईजवळच राहिली. इतक्या लहान मुलीला सासरी पाठवू नये, असे डॉक्टरांचे मत होते.

रखमाला शाळा सोडावी लागली होती, पण पुस्तके सुटली नाहीत. ती मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचत असे. हळूहळू ती इंग्रजी चांगले वाचू-लिहू लागली. जसजशी समज वाढली, तसतसे तिला कळले, की आपले लग्न आपल्याला काहीच कळत नसताना झाले आहे.

अशी काही वर्षे गेली. १८८४ साली दादाजींनी रखमाबाईंना नांदायला बोलावले. रखमाबाईंनी नकार दिला. तेव्हा दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पत्नीने पतीच्या घरी येऊन राहावे, असा हुकूम कोर्टाने द्यावा, ही त्यांची मागणी होती. दादाजींची प्रकृती बरी नाही, त्यांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही आणि हे लग्न आपल्या संमतीने झालेले नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. दाव्यामागे मालमत्तेचा लोभ आहे, असेही त्यांच्या बाजूने सांगण्यात आले.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनी घटस्फोट का घेतला नाही? मुलांनो, त्या वेळी काही जातींत रूढीप्रमाणे काडीमोड होत असे. पण हिंदू स्त्रीला घटस्फोट मिळवून देणारा सर्वसाधारण कायदाच नव्हता. लग्न एकदा झाले की झाले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. लहानपणी लग्न झालेल्या आणि पतीबरोबर कधीही न राहिलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या घरी पाठवणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. असे दावे मुळात इंग्लंडच्या कायद्यातून आले होते आणि तेथे ते एकत्र राहून वेगळ्या झालेल्या पतिपत्नींसाठी होते, हे त्यांनी दाखवून दिले. रखमाबाई जिंकल्या. पण हा आनंद पाहायला डॉ. सखाराम अर्जुन हयात नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते.

दादाजींनी अपील केले आणि खटला पुन्हा उभा राहिला. आता देशभर याच खटल्याची चर्चा होती. लोकमान्य टिळकांच्या केसरीने रखमाबाईंवर टीका केली. परक्या सरकारच्या कोर्टाने आपल्या धर्मात आणि घरात ढवळाढवळ करू नये, असे अनेकांना वाटत होते. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे सुधारक होते. रखमाबाईंनी स्वतः टाइम्स ऑफ इंडियात नाव न देता पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलींचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते, ते त्यांनी या पत्रांत मांडले.

मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा निकाल लागला. रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम झाला. गंमत अशी, की ज्या इंग्लंडमधून हा कायदा आला होता, तेथे अशा तुरुंगवासाची शिक्षा १८८४ सालीच बंद झाली होती.

विचार करा, बावीस वर्षांची तरुणी! एका बाजूला सासर, दुसऱ्या बाजूला तुरुंग. रखमाबाई डगमगल्या नाहीत. आपण शिक्षा भोगू, पण नांदायला जाणार नाही, असे त्यांनी कळवले. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्यांनी आपला हक्क सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी मात्र पुन्हा लग्न केले नाही.

आता त्यांना डॉक्टर व्हायचे होते. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. प्रवासासाठी आणि शिक्षणासाठी मदतीचे हात पुढे आले. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी सुरतेत आणि पुढे राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या कितीतरी स्त्रियांना त्यांच्यामुळे उपचार मिळाले. सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी ही सेवा केली.

१९०४ साली दादाजी वारले. तेव्हापासून रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे पातळ नेसू लागल्या, असे सांगतात. रूढी मोडणाऱ्या बाईंनी असे का केले असेल? तुम्हीच विचार करून पाहा.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी रखमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. देशभरातील हिंदू स्त्रियांना त्याने घटस्फोटाचा हक्क दिला. हा हक्क कायद्यात आलेला त्यांच्या हयातीत दिसला. आज मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करणे हा गुन्हा आहे. मुलांनो, या कायद्याच्या मागे रखमाबाईंच्या एका ठाम नकाराचे बळ आहे, हे विसरू नका.

शब्दार्थ
नांदणे – सासरी संसार करून राहणे
चरितार्थ – उदरनिर्वाह, पोट भरण्याचे साधन
काडीमोड – घटस्फोट
ढवळाढवळ – नको तेथे हात घालणे
तडजोड – दोघांनी थोडे थोडे सोडून मिटवणे

स्वाध्याय
१. रखमाबाईंच्या लग्नाच्या वेळी काय ठरले होते?
२. रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार का दिला?
३. न्यायमूर्ती पिन्हे आणि न्यायमूर्ती फॅरन यांच्या निकालांत कोणता फरक होता?
४. लग्नात दोघांची संमती का हवी, ते तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.